कंपायलरशिवाय क्लास फाइल

जावाचा कंपायलर बनवतो त्या क्लास फाइलमध्ये असतं तरी काय, हा प्रश्न कॉलेज रोडवरच्या आमच्या रविवारच्या बॅचमध्ये पुन्हा निघाला, तेव्हा ठरवलं की पायथनने एकेक बाइट लिहून ती फाइल मुलांसमोरच तयार करायची. "सर, कंपायलर फुकट मिळतो की!" मागच्या बाकावरून आवाज आला. मिळतो, पण तो आत काय करतो ते दाखवत नाही.

पहिले चार बाइट ठरलेले, हेक्समध्ये 'कॅफेबेब'. मग व्हर्जन. मी मुद्दाम ४९ टाकलं, म्हणजे जावा ५.

घाम काढला तो कॉन्स्टंट पूलने, म्हणजे फाइलमधली नावं आणि मजकूर यांच्या क्रमवार यादीने. एक ओळ छापायची तर मेन मेथडचा कोड अवघा ९ बाइटचा, त्यात प्रत्येक सूचनेचा आकडा ठरलेला: गेटस्टॅटिक १७८, एलडीसी १८, इनव्होकव्हर्च्युअल १८२, रिटर्न १७७ आणि मध्ये त्यांचे ऑपरंड, म्हणजे पूलमधले क्रमांक. पण एवढ्यासाठी पूलमध्ये २१ नोंदी लागल्या. ओळ छापणारं प्रिंटएलएन शोधायचं तर मेथडरेफ नावाच्या नोंदीवरून क्लासकडे, तिथून नावाकडे, मग परत नेमअँडटाइपकडे; सातबाऱ्यावरून फेरफार धुंडाळत जावं तसं. त्यात क्रमांक १ पासून सुरू, आणि पूलच्या आधी लिहायचा आकडा नोंदींहून एकने जास्त, म्हणजे २२. हे हातानं कोण सांभाळणार? मी एक डिक्शनरी ठेवली: नोंद दिली की क्रमांक मिळतो, आधीची असेल तर जुनाच. आकडे सगळे बिग-एंडियन, म्हणजे मोठा बाइट आधी, त्यामुळे आकड्यांचे बाइट करणाऱ्या पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलमध्ये सुरुवातीला 'मोठ्याचं' चिन्ह (>) हवंच.

मजकूर 'नमस्कार नाशिक' ठेवला. पायथनच्या लेखी ही १३ अक्षरं, पण पूलमध्ये लांबी लिहायची बाइटमध्ये: देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, मधली जागा १, एकूण ३७. मुलांना हेच सगळ्यात आवडलं.

मग लूप. गोटू या उडीच्या सूचनेचं अंतर तिच्या स्वतःच्या जागेपासून मोजतात, मागे जायचं तर ऋण संख्या. ४९ मध्ये लूप सुरळीत चालला. त्याच फाइलचं व्हर्जन ५२ करून दाखवलं, तर चालवण्याआधी फाइल तपासणाऱ्या व्हेरिफायरने लगेच स्टॅकमॅप फ्रेम मागितली. जावा ७ पासून, म्हणजे ५१ आणि पुढे, उडी जिथे पडते तिथे स्टॅकवर (तात्पुरत्या मूल्यांच्या चळतीवर) आणि व्हेरिएबलमध्ये काय आहे ते आधीच लिहून द्यावं लागतं. ते हातानं लिहिण्यापेक्षा ४९ बरं, असं माझं स्पष्ट मत.

आता मुलांना लाँग, म्हणजे ८ बाइटचा पूर्णांक, हवाय. तो पूलमध्ये दोन क्रमांक खातो. हा निर्णय चुकलाच, असं जेव्हीएमच्या, म्हणजे क्लास फाइल चालवणाऱ्या यंत्रणेच्या, स्पेसिफिकेशनमध्येच लिहिलंय, त्यामुळे डिक्शनरीत तेवढी एक अट वाढवावी लागेल.