अप्पांनी बल्बवर लिहिलेल्या तारखा आणि मीटरचा लाल दिवा

आमच्या अप्पांची एक जुनी सवय आहे, घरात नवीन ट्यूब किंवा बल्ब लावला की त्याच्यावर पेनाने तारीख लिहायची. ट्यूबला टोकाच्या पत्र्याच्या टोपीवर आणि सीएफएलला (म्हणजे वळवलेल्या नळीच्या बल्बला) खालच्या पांढऱ्या प्लास्टिकवर, अगदी बारीक अक्षरात. लहानपणापासून बघत आलेय त्यामुळे कधी त्याचं विशेष वाटलंच नाही, पण यंदा दिवाळीच्या आधी मिरजेच्या घराला रंग काढला तेव्हा सगळे दिवे उतरवले आणि माळ्यावरचा गेलेल्या बल्बांचा खोकाही खाली आला, तेव्हा मी तिथेच जमिनीवर बसून सगळ्या तारखा वाचत बसले.

त्यात दोन सीएफएल एकाच दिवशी लावलेले होते, ऑक्टोबर २०११, एकाच कंपनीचे, एकाच पाकिटातले. एक बोळातला, एक बाथरूमचा. बाथरूमचा १४ महिन्यांत गेला. बोळातला सात वर्षं चालला! गेल्याची तारीखही अप्पा लिहितात त्यामुळे शंका घ्यायला जागाच नाही. पाकिटावर तर ६००० तास लिहिलेलं असायचं, मग एवढा फरक कसा?

मी हिशोब केला. बोळातला दिवा दिवेलागणीला लागायचा आणि जेवणं आवरून झोपताना बंद व्हायचा, धरा तीन तास, सात वर्षांचे झाले साडेसात हजारांच्या वर तास. म्हणजे पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षाही जास्त चालला. आणि बाथरूमचा? घरात चार माणसं, दिवसातून वीस वेळा तरी खटका दाबला जाणार आणि दर वेळी दोन-तीन मिनिटंच. सगळे मिळून १४ महिन्यांत जेमतेम चारशे तास पेटला असेल तो, पण चालू झाला आठ हजार वेळा. बोळातला सात वर्षांत अडीच हजार वेळा. (त्यात लोडशेडिंगमुळे लाईट जाऊन परत आलेल्या वेळा धरलेल्या नाहीत, त्या काळात त्या पण कमी नव्हत्या.)

तर सगळी गोम इथे आहे. ट्यूब काय किंवा सीएफएल काय, आत दोन्ही टोकांना टंगस्टनची बारीक तार असते आणि तिच्यावर बेरियम वगैरेचा एक लेप असतो. त्या लेपातून इलेक्ट्रॉन सुटतात म्हणून ट्यूब पेटते. प्रत्येक वेळी चालू करताना त्या लेपाचा थोडा थोडा भाग उडून जातो आणि काचेवर आतून जाऊन बसतो, जुन्या ट्यूबची टोकं काळी दिसतात ना, ती त्याचीच. लेप संपला की ट्यूब धरत नाही, स्टार्टर बिचारा परत परत प्रयत्न करत राहतो, टोकं तांबूस दिसतात आणि ट्यूब नुसती फडफडते. व्होल्टेज कमी असलं की पण हेच, एका वेळेला पेटायची ती पाच प्रयत्नांत पेटते आणि प्रत्येक प्रयत्नाला लेप जातोच.

आणि त्या ६००० तासांबद्दल पण सांगते, कारण मला हे बरेच दिवस माहीत नव्हतं. कंपन्या टेस्ट करतात तेव्हा दिवा पावणेतीन तास चालू ठेवतात आणि पंधरा मिनिटं बंद, असं चक्र सतत. आणि टेस्टला लावलेल्यांपैकी निम्मे दिवे ज्या वेळेला गेलेले असतात तो आकडा पाकिटावर येतो. म्हणजे निम्मे त्याच्या आधीच जाणार हे त्यात धरलेलंच आहे, आणि पावणेतीन तास सलग बाथरूममध्ये कोण दिवा लावून ठेवतो?

दुसरा शत्रू म्हणजे उष्णता. सीएफएलच्या त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या आत एक छोटं सर्किट असतं, त्यातला कपॅसिटर गरम होऊन होऊन वाळतो. बल्ब उलटा टांगून वरून काचेचा बंद गोळा बसवला की सगळी गरम हवा त्या सर्किटापाशीच कोंडते. आमच्या पोर्चमधले दोन असेच लवकर गेले, त्यांची काच अगदी स्वच्छ होती पण प्लास्टिक पिवळं पडून तडकलेलं. एलईडीला पण हे लागू आहे बरं का, एलईडी चालू-बंद केल्याने खराब होत नाही पण कोंडलेल्या गोळ्यात त्याचाही ड्रायव्हर, म्हणजे आतलं सर्किट, भाजतो.

आता अप्पांच्या दोन वाक्यांकडे येते. लहानपणी आम्ही खटक्याशी खेळलो की अप्पा ओरडायचे, ट्यूब सारखी चालू-बंद करू नका, उडेल, आणि चालू करताना ती तासाभराची वीज खाते. पहिलं वाक्य तर त्यांच्या स्वतःच्याच तारखांनी खरं करून दाखवलं. दुसरं मला कधी पटलं नव्हतं पण अप्पांना सांगायचं कसं, म्हणून म्हटलं अप्पा, चला आपण मोजूच.

जिन्याखाली आमचं मीटर आहे, त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो. मीटरवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की एका युनिटला किती वेळा लुकलुकणार, आमच्यावर ३२०० आहे, तुमच्यावर वेगळा आकडा असू शकतो तो बघून घ्या. फ्रिज, इन्व्हर्टर, राउटर, सगळ्याचे प्लग काढले, फक्त स्वयंपाकघरातली जुनी जाडी ४० वॅटची चोकवाली ट्यूब चालू ठेवली. अप्पा घड्याळ घेऊन खुर्चीवर मीटरसमोर, मी वर खटक्यापाशी, आणि मधे जिन्यात आई निरोप द्यायला.

लाल दिवा साधारण २२ सेकंदांनी एकदा लुकलुकत होता. हिशोब केला तर ५१ वॅट! ट्यूब ४० ची, वरचे ११ चोक खातो, तो हाताला गरम लागतो ते उगाच नाही. मग मी ट्यूब बंद करून परत चालू केली, दहा वेळा, थांबून थांबून. एका तासाची वीज एका झटक्यात खाल्ली असती तर लाल दिवा दर वेळी दीडशेच्या वर वेळा धडधडायला हवा होता. काही नाही, तो आपला त्याच्या चालीने. चालू होताना ट्यूब थोडी जास्त वीज घेते पण ती एक-दोन सेकंदांपुरतीच, त्याची किंमत तेवढ्याच काही सेकंदांच्या प्रकाशाएवढी. अप्पांनी आकडे वहीत लिहिले, दोनदा बेरीज तपासली आणि म्हणाले, "म्हणजे ट्यूब झिजते, वीज नाही जात." इतकं नेमकं मला पण सांगता आलं नसतं.

म्हणून आता घरात नियम असा की जिथे अजून ट्यूब किंवा सीएफएल आहे तिथे पंधरा मिनिटांच्या आत परत यायचं असेल तर चालू राहू दे, जास्त वेळ लागणार असेल तर बंद कर. एलईडी असेल तर विचार न करता लगेच बंद. आणि जिथे सारखी ये-जा आहे, बाथरूम, जिना, देवघर, तिथे सगळ्यात आधी एलईडी लावा. आपण नेमकं उलटं करतो, हॉलमध्ये भारीतला दिवा आणि बाथरूमला घरात पडलेला जुना.

एलईडीची २० वॅटची पट्टी लावून पण मोजलं, लाल दिवा ५६ सेकंदांनी. रोज सहा तास धरले तर महिन्याला जुन्या ट्यूबची सव्वानऊच्या आसपास युनिटं आणि पट्टीची साडेतीनच्या थोडी वर, म्हणजे एका ट्यूबमागे साडेपाचच्या वर युनिट वाचतात. आमच्याकडे तीन जुन्या ट्यूबा होत्या, झाले सतराएक. पण मग हौसेने पंखा लावून मोजला तर १५ सेकंदांनी एकदा! ७५ वॅट, आणि तो उन्हाळ्यात दिवसाचे चौदा तास फिरतो. महिन्याला तीसच्या वर युनिटं एका पंख्याची. बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) त्याच वाऱ्याला ३० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे एक पंखा बदलला की तीन ट्यूबा बदलल्याएवढी बचत. अडीच-तीन हजारांना येतो, एकदम सगळे नाही जमणार, आम्ही आधी अप्पांच्या खोलीतला बदलला कारण तो दुपारी पण चालू असतो.

आणि युनिट कुठलं वाचतंय ते पण महत्त्वाचं. आपल्याकडे बिलात पहिल्या १०० युनिटांना एक दर आणि १०१ पासून पुढे बराच चढा दर लागतो. जी वीज वाचते ती वरच्या महागड्या दरातली वाचते. आमचं बिल ११८-१२० युनिटांच्या आसपास असायचं, त्यामुळे वीस युनिटांचं मोल आम्हाला चांगलंच कळतं.

खोका मात्र अजून तसाच आहे. सीएफएलमध्ये आणि ट्यूबमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो, थोडाच, पण कचऱ्याच्या गाडीत फुटला की तो सफाई करणाऱ्या माणसाच्या नाकात जाणार, म्हणून आम्ही टाकलेले नाहीत, ई-कचरा घेणाऱ्यांकडे देणार आहोत. तुमच्याकडे फुटला तर खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर जा, झाडू किंवा व्हॅक्यूम न लावता जाड पुठ्ठ्याने गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला आणि झाकणाच्या बरणीत भरून ठेवा, लहान मुलं असतील तर हे नक्की करा. याच पाऱ्यामुळे २०२३ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत, मिनामाता या पाऱ्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली, २०२७ पर्यंत अशा ट्यूबांचं उत्पादन आणि आयात-निर्यात बंद करायचं ठरलंय. म्हणजे अप्पांच्या अक्षरातल्या या टोप्या आता काही वर्षांनी बघायला पण मिळणार नाहीत, दोन मी काढून ठेवल्यात.

आणि एक राहिलं, ही मोजणी सुरू करायच्या आधी सगळं बंद करूनही लाल दिवा दोन मिनिटांनी एकदा लुकलुकत होता. शोधता शोधता सापडला तो टीव्हीमागचा सेटटॉप बॉक्स, रिमोटने बंद केलेला पण दहाएक वॅट खात बसलेला. आता त्याचा खटका रात्री अप्पा स्वतः बंद करतात. फ्रिजचं मोजणं राहिलंय, तो मधे मधे बंद होतो त्यामुळे रात्रभर मोजायला लागेल, अप्पा म्हणतात मी जागतो, मी म्हटलं आकडा रात्री लिहून ठेवू आणि सकाळी बघू, पण त्यांनी वहीत फ्रिजचं पान आधीच आखून ठेवलंय.