मारामारीचा भाग

गुरुवार, रात्री साडेअकरा

आज पुन्हा एका शाळेत बोलून आलो. नववीची मुलं. बोलणं नेहमीसारखंच झालं, टाळ्याही नेहमीसारख्याच पडल्या, आणि तरी घरी आल्यापासून चैन नाही.

झालं असं, की द्वेष पसरवणाऱ्या ज्या गटात मी पूर्वी होतो, तिथल्या दिवसांबद्दल सांगत होतो. पहिली मारामारी. रात्रीचा रस्ता, आम्ही पाच जण, समोर तो एकटा. या ठिकाणी वर्ग दरवेळी चिडीचूप होतो. इतके दिवस मी समजत होतो, पोरं हादरतात. आज शेवटच्या बाकावरच्या एकाने हात वर केला. "काका, तुमच्याकडे काय होतं? साखळी की रॉड?" डोळे लकलकत होते त्याचे. ती लकाकी मी ओळखतो. सतराव्या वर्षी माझ्याही डोळ्यांत होती.

पाठोपाठ एका मुलीने विचारलं, "तो माणूस आता कसा आहे?"

मला माहीत नाही. तेच सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि खाली बसली. तिचं ते 'बरं' अजून कानात आहे.

गटात मी विचार पटले म्हणून गेलो नव्हतो, हे मी मुलांना सांगतो आणि ते खरंही आहे. तिथे कुणीतरी नावाने हाक मारायचं, उशीर झाला तर "कुठे होतास?" म्हणून विचारायचं. विचार नंतर आले. द्वेष ही तिथली वर्गणी होती. सगळे भरत होते, मीही भरली. पुढे भाषणं ठोकायला लागलो तेव्हा टाळ्या मिळाल्या आणि मग तर काय, विचारूच नका.

बाहेर पडलो त्यालाही काही साक्षात्कार वगैरे कारण नाही. लोकांना तसं ऐकायला आवडतं, पण खरं सांगायचं तर मी दमलो. प्रत्येक गोष्ट आधी तपासायची: हे कुणी लिहिलंय, हे दुकान कुणाचं, हा डॉक्टर कुठला. एक गाणं मला फार आवडायचं. गाणारा 'त्यांच्यातला'. चालता चालता गुणगुणायला लागायचो आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून मागे वळून बघायचो. एकदा असा मागे वळलो, तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हसू आलं. सुरुवात तिथून. मग दोन वर्षं गेली, तीनदा फोन नंबर बदलला, 'गद्दार' हा शब्द अंगवळणी पडला. धमक्यांपेक्षा कठीण होती ती रविवारची संध्याकाळ. फोन वाजत नाही, कुणी बोलवत नाही, आणि बाहेरच्या जगाने तुमच्यावर विश्वास का ठेवावा? अशा वेळी माणूस परत जातो. म्हणूनच १९९७ साली नॉर्वेत, पुढे स्वीडनमध्ये आणि २००० साली जर्मनीत अशा गटांतून बाहेर पडणाऱ्यांसाठी 'एक्झिट' नावाचं जे काम सुरू झालं, त्यात वादविवादापेक्षा घर, नोकरी, सुरक्षितता, बोलायला एक माणूस, असल्या गोष्टींवर भर होता.

जर्मनीवाल्यांची टी-शर्टची गोष्ट मी हमखास सांगतो. २०११ मध्ये गेरा गावात नवनाझींचा गाण्यांचा जलसा होता. तिथे कवटी छापलेले २५० टी-शर्ट फुकट वाटले गेले. पोरांनी खुशीत नेले. पहिल्या धुण्यात कवटी गेली आणि खालून मजकूर वर आला: तुझ्या टी-शर्टला जमलं ते तुलाही जमेल. सोबत 'आम्ही मदत करू' आणि 'एक्झिट'चं नाव. मुलं खदखदून हसतात. हसू द्यावं.

शिक्षकांनी फळ्यावर 'सहिष्णुता' असं लिहून ठेवलं होतं. मला तो शब्द रुचत नाही. त्यात सहन करणं आहे. दाढदुखी सहन करतात. आणि हिशेबच मांडायचा तर सहन कुणी केलं? ज्यांचा आम्ही द्वेष केला, त्यांनी आम्हाला केलं. अमेरिकेत नेब्रास्कातल्या लिंकन शहरात लॅरी ट्रॅप नावाचा कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेचा पुढारी होता. १९९१ मध्ये त्याने मायकल वायसर या ज्यू धर्मसेवकाच्या घरी धमकीचा फोन केला. ट्रॅप मधुमेहाने अंध होत चाललेला, चाकांच्या खुर्चीत. वायसर त्याला उलट फोन करत राहिले आणि एकदा विचारलं, वाणसामान आणायला गाडीतून नेऊ का? त्याच वर्षी ट्रॅपने क्लॅन सोडली. पुढच्या वर्षी तो वारला, तो वायसर यांच्या घरात. शेवटचे महिने त्याची शुश्रूषा वायसर यांच्या पत्नीने, ज्यूलीने केली. ही गोष्ट सगळे 'ट्रॅप कसा बदलला' म्हणून सांगतात. मीही तशीच सांगत आलो. ज्या बाईच्या घरी धमकीचा फोन आला, तिनेच त्या माणसाचं अंथरूण बदललं, हे तिच्या बाजूने मी कधी सांगितलंच नाही.

कार्यक्रम संपल्यावर दोघंतिघं जवळ आले, गटातलं गोंदण दाखवा म्हणाले. नेहमी दाखवतो. ते पुसताना लेझरचा प्रत्येक ठोका तापलेलं रबरबँड सटकन बसावं तसा लागतो, शाईचे बारीक कण होतात, मग शरीर ते आठवड्यांच्या सवडीने वाहून नेतं, काळं लवकर जातं, हिरवं हट्टी असतं, सगळं रंगवून सांगतो. आज बाही खाली ओढली.

त्या रात्री आमचा मार खाल्लेल्या माणसाला शोधावं का, हा प्रश्न जुना आहे. मला बाहेर काढणारे म्हणाले होते, तुझं मन हलकं करायला त्याच्या दारात जाऊ नकोस, त्याला हवं असेल तर बघू. त्यामुळे थांबलोय. पण त्याच्या वाटणीची मारामारी मी गावोगाव सांगत फिरतो, त्याला विचारलंय का कुणी?

आत्ता घड्याळ लावून भाषण मोठ्याने म्हणून बघितलं. मारामारीचा भाग वगळला तर चाळीस मिनिटांतली बाराच उरतात. सोमवारी पुढची शाळा आहे. तिथल्या बाईंना मेसेज टाकलाय, तास पूर्ण मी घेणार नाही, मुलांना बोलू द्या.