स्वालबार्डला व्हिसा लागत नाही म्हणे!

हे वाक्य मला पुन्हा कोणी ऐकवलं, तर मी त्याच्यासमोर माझी फाइल आपटणार आहे.

वाक्य खोटं नाही, हीच तर पंचाईत. 1920 च्या करारामुळे उत्तर ध्रुवाजवळच्या त्या बेटांवर कोणालाही व्हिसाशिवाय जाता येतं. पण आपण जाणार ऑस्लोवरून. नॉर्वे शेंगेनमध्ये (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत) आणि स्वालबार्ड नॉर्वेचंच असून शेंगेनबाहेर! ऑस्लोत उतरलात की एक एंट्री, स्वालबार्डहून परत आलात की दुसरी. म्हणजे व्हिसा किमान डबल एंट्रीचा हवा.

मला हे ठाऊक होतं. फॉर्मवर 'दोन' असंच भरलं होतं. पण अर्ज घेणाऱ्या केंद्रातल्या काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, देश एकच ना? मग डबल कशाला? उगाच शंका घेतात." मी म्हटलं, अहो, स्वालबार्ड... "ते नॉर्वेतच येतं, मॅडम." मागे रांग, डोक्यावर टोकनची टिंगटिंग, हे सारखे घड्याळ बघतायत. मी खोडलं, सही ठोकली. बँकेत तीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासलेली बाई मी!

बाराव्या दिवशी पासपोर्ट आला. एंट्री: 01. फोन केला तर उत्तर, "तुम्ही मागितलं तेच मिळालंय." खरंच होतं ते. पुन्हा फॉर्म, पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा माणशी 80 युरो (हे 2024 च्या सुरुवातीचं, नंतर फी वाढली). स्नोमोबाइलचे (बर्फावर चालणाऱ्या स्कूटरचे) पैसे आधीच भरलेले, परत न मिळणारे. दुसऱ्या खेपेला अर्जासोबतच्या पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिलं: ऑस्लो, स्वालबार्ड, पुन्हा ऑस्लो, म्हणून दोन एंट्री. तारखांखाली लाल रेघा. काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, "हो, स्वालबार्डला डबलच लागतो." हिला मिठी मारू की त्या मुलाला शोधू, कळेना! उड्डाणाच्या तीन दिवस आधी व्हिसा हातात पडला. तोवर ह्यांच्याशी माझं बोलणं बंद होतं.

बाकी सगळं सुरळीत. स्नोमोबाइल चालवायला चारचाकीचं लायसन्स लागतं, त्याचं मूळ कार्ड मात्र न्या. आमच्याकडे तेच मागितलं, मोबाइलमधलं दाखवायची सोय नव्हती. सूट, बूट, हेल्मेट, हातमोजे टूरवालेच देतात, त्यामुळे मुंबईत महागडं जॅकेट घेऊ नका. मी घेतलं, बॅगेतून निघालंच नाही.

आमची फेरी लॉन्गइयरब्येनहून, म्हणजे स्वालबार्डच्या मुख्य गावातून, आडव्हेंटडालेनच्या दरीतून पूर्व किनाऱ्याला मोहनबुक्तापर्यंत. (आपला मोहन नव्हे, हेन्रिक मोह्न नावाचे नॉर्वेचे हवामानतज्ज्ञ.) स्नोमोबाइलचा गॅस उजव्या अंगठ्याने दाबून धरायचा. हँडल गरम असतं, तरी तासाभरात अंगठा आपला राहत नाही. माझा चष्मा आधी धुक्याने भरला, मग आतून गोठला. गाइड थांबला, बोटाने माझ्या नाकावरचा मास्क खाली दाबून बसवला आणि खुणेने सांगितलं, श्वास खाली सोडा. उणे 18 मध्ये एवढी एक गोष्ट कळली की दिवस सोपा जातो. चष्मेवाल्यांनो, शक्यतो लेन्स लावा.

गाइडच्या पाठीला रायफल होती, अस्वलासाठी. अस्वल दिसलं नाही. त्याच्याकडे बघायला जायचंही नसतं, ते दिसलं तर आपण लांब व्हायचं. रेनडिअर मात्र रस्त्यातल्या गायींसारखे निवांत उभे. किनाऱ्यावर सुक्या जेवणाच्या पाकिटात गरम पाणी ओतून जेवलो. समोर गोठलेला समुद्र. त्या दहा मिनिटांत मी काउंटर, टोकन, 01, सगळं विसरले.

विसरायच्या आधी: तिथे बऱ्याच हॉटेलांत दारातच बूट काढायचे असतात, खाणकामगारांच्या काळापासूनची पद्धत. मोजे नीट बघून न्या. ह्यांचा अंगठा बाहेर होता.