स्टीलच्या डब्यातली नावे

माझ्या कार्यालयातील एक सहकारी गेली अकरा वर्षे घरखर्चाच्या वहीच्या मागच्या पानांवर कविता लिहीत होत्या आणि त्या कविता त्यांच्या घरातल्या माणसांनीसुद्धा ऐकलेल्या नव्हत्या. नागपुरात कवितेची वाण आहे असे कोणी म्हणणार नाही. विदर्भ साहित्य संघाची परंपरा १९२३ पासूनची आहे, रेशीमबागेत २०१७ साली उघडलेले भव्य सभागृह कविवर्य सुरेश भटांच्या नावाने उभे आहे, दीक्षाभूमीच्या या शहरात आंबेडकरी जलसे आणि गीतांना हजारोंचा श्रोता मिळतो, आणि मुशायऱ्यात ‘मुकर्रर’, म्हणजे ‘पुन्हा एकदा’, म्हणणारे रसिकही येथे पिढ्यानपिढ्या आहेत. परंतु या मंचांवर बोलावलेला कवी वाचतो, त्याचे नाव पत्रिकेत आधी छापलेले असते. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांसमोर उभे राहून स्वतःची कविता वाचायची असेल तर जायचे कुठे, हा प्रश्न त्या बाईंनी मला विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यातूनच आम्ही चौघी मैत्रिणींनी मिळून खुले काव्यवाचन, म्हणजे तरुण मुले ज्याला ओपन माइक म्हणतात तसा कार्यक्रम, दर दोन महिन्यांनी घ्यायचे ठरवले.

तारीख ठरवणे हे पहिले काम, आणि ते वाटते तितके सोपे नाही. एप्रिल-मे महिन्यांत नागपुरात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्यामुळे ते महिने बाद. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन असते, सिव्हिल लाइन्सपासून सीताबर्डीपर्यंत बंदोबस्त आणि मोर्चे असतात, पोलीस ठाण्यात एखाद्या परवानगीसाठी गेलो तर तेथील माणसांना खरोखरच वेळ नसतो. फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षा सुरू होतात, आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनानिमित्त शहरात इतके कार्यक्रम असतात की साउंडवाला मिळत नाही आणि श्रोताही वाटला जातो. शेवटी पहिला कार्यक्रम नोव्हेंबरातल्या एका शनिवारी आणि दुसरा संक्रांतीनंतरच्या शनिवारी, असे ठरले.

जागेच्या बाबतीत मात्र आम्हाला ठेच लागली. आमची पहिली इच्छा उद्यानातल्या खुल्या जागेची होती, पण उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा म्हणजे पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते, रात्री १० नंतर तो बंद ठेवावाच लागतो, आणि ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसाची मर्यादाही ५५ डेसिबल इतकीच आहे. शिवाय थंडीत उघड्यावर बसून ज्येष्ठ माणसे तीन तास कविता ऐकणार नाहीत. म्हणून आम्ही एक बंद सभागृह ठरवले, तोंडी होकारही मिळाला, आणि कार्यक्रमाला दोन दिवस उरले असताना तेथून निरोप आला की त्या दिवशी दुसऱ्यांचा साखरपुडा आहे. आम्ही पैसे भरले नव्हते आणि पावती घेतली नव्हती, त्यामुळे भांडायला आधार नव्हता. धंतोलीतल्या एका जुन्या वाचनालयाच्या सचिवांनी त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरची खोली दिली. तिथे साठ माणसे बसतात, भिंतीला पुस्तकांची कपाटे आहेत आणि त्या कपाटांमुळे आवाज घुमत नाही, हे आम्हाला नंतर कळले. आता ती खोली आम्ही भाड्याची पावती हातात घेतल्याशिवाय ठरली असे मानत नाही. सीताबर्डीचे मेट्रो स्थानक जवळ असल्यामुळे दोन्ही मार्गांवरून माणसे येऊ शकतात, हाही त्या जागेचा मोठा गुण आहे, आणि स्त्रियांना घरी वेळेवर पोहोचता यावे म्हणून आम्ही वेळ साडेपाच ते साडेआठ अशी ठेवली.

खर्चाचे एकदा सांगून टाकते. खोलीचे भाडे २,५०० रुपये, साउंडचे ३,०००, चहा-पोह्याचे १,८०० आणि जादा खुर्च्या-सतरंज्यांचे ५००, असे ७,८०० रुपये लागले. तिकीट ठेवले नाही. दाराशी एक डबा ठेवला, त्यातून जवळपास निम्मे निघाले, उरलेले आम्ही चौघींनी वाटून घेतले. तर्रीपोहे मात्र दुसऱ्या वेळी बंद केले, कारण तर्री सांडलेले हात कवितेच्या कागदांना लागतात; साधे पोहे पुरतात.

पहिल्या कार्यक्रमात आम्ही नावे ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने पुकारली. ते न्याय्य आहे असे वाटले होते. सुरुवातीला खोलीत पन्नासच्या वर माणसे होती, आपली कविता झाली की एकेक जण कोपऱ्यातली पिशवी उचलून हळूच जिना उतरत होता, आणि शेवटची मुलगी वाचायला उभी राहिली तेव्हा समोर नऊ माणसे होती, त्यांतल्या चौघी आम्ही. ती अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, कविता अत्यंत चांगली, आणि तिने त्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत ती वाचली. त्या रात्री मला झोप लागली नाही. कवींना दोष देऊन चालणार नव्हते. जो वाचायला येतो तो ऐकायला थांबलाच पाहिजे, अशी आमच्या रचनेतच सोय नव्हती.

दुसऱ्या वेळी आम्ही चिठ्ठ्या काढल्या. वाचणाऱ्याने येताना आपले नाव चिठ्ठीवर लिहून स्टीलच्या डब्यात टाकायचे, पूर्वार्धात दहा आणि उत्तरार्धात दहा चिठ्ठ्या निघणार, आणि आपली पाळी कधी येईल हे कोणालाच माहीत नसणार. चिठ्ठी नुकताच वाचून झालेला माणूस काढतो, म्हणजे आमच्यावर पक्षपाताचा आरोप येत नाही. दर कवीला पाच मिनिटे. मात्र उठून येणे, कागद शोधणे, नाव सांगणे यांत सहावे मिनिट जातेच, म्हणून २० जणांसाठी दोन तास धरले. उरलेल्या तासात स्वागत, मध्यंतर आणि निमंत्रित कवीची वीस मिनिटे बसतात. कविता शांतपणे वाचली तर मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द होतात, हे मी स्वतः घड्याळ लावून पाहिले आणि निमंत्रणातच लिहून टाकले, कारण ‘पाच मिनिटे’ म्हटल्यावर लोक पाच पाने घेऊन येतात. जानेवारीत शेवटची चिठ्ठी निघाली तेव्हा खोलीत एकेचाळीस माणसे होती. मी मोजली.

ज्यांनी माइक कधी हातात घेतला नाही त्यांच्यासाठी आम्ही कार्यक्रमाआधी अर्धा तास ठेवतो, आणि माझ्या मते सगळ्या तयारीत हा अर्धा तास सर्वांत मोलाचा आहे. साउंडवाले भाऊ स्वतः समजावतात. ते म्हणाले, “ताई, माइकले घाबरू नका जी, तो फक्त ऐकून राह्यला.” तोंड आणि माइक यांच्यात एक मूठ अंतर ठेवायचे, माइक थेट ओठांसमोर न धरता किंचित बाजूला ठेवायचा, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ ही अक्षरे फुटतात. मान खाली घालून कागदात वाचले तर आवाज जमिनीकडे जातो, म्हणून कागद छातीच्या उंचीवर. स्पीकर माइकच्या मागे ठेवला तर त्याचा आवाज माइकमध्ये परत शिरतो आणि शिट्टी वाजते, म्हणून स्पीकर नेहमी वाचणाऱ्याच्या पुढे आणि श्रोत्यांकडे तोंड करून. मोबाइलवरून वाचणाऱ्यांची कविता मधेच अंधारते. त्यांना आम्ही मोठ्या अक्षरांत छापून आणायला सांगतो.

भाषेवरून आमच्यात दोन संध्याकाळी वाद झाला. एक मैत्रीण म्हणत होती की मराठीच हवी, आणि तिचे म्हणणे मला समजत होते. पण १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या या शहरात हिंदी आणि उर्दू घरातल्या भाषा आहेत, आणि वऱ्हाडी व झाडीबोली बोलणाऱ्यांना तर शाळेत ‘नीट बोल’ हेच ऐकावे लागलेले असते. शेवटी असे ठरले की निवेदन मराठीत होईल आणि कविता ज्या भाषेत सुचली त्या भाषेत वाचली जाईल. जानेवारीत भंडाऱ्याकडच्या एका मावशींनी झाडीबोलीतली कविता वाचली. पहिल्या ओळीत त्यांनी ‘पानी’ असे म्हटले, लगेच थांबून ‘पाणी’ असे दुरुस्त केले, आणि मागच्या रांगेतून एक आजोबा म्हणाले, “मावशी, पानीच राहू द्या.” त्यांनी कागद पुन्हा वर धरला, पहिली ओळ पुन्हा वाचली, आणि पुढची चार मिनिटे त्या एकदाही थांबल्या नाहीत.

एका बाबतीत मी चुकले, तेही सांगायला हवे. मध्यंतरापूर्वी एका ज्येष्ठ कवींची चिठ्ठी निघाली आणि त्यांनी साडेअकरा मिनिटे घेतली. पहिल्या रांगेतल्या मैत्रिणीने वेळेचे नारिंगी कार्ड दोनदा वर केले, त्यांनी ते पाहिले नसावे, आणि वयाचा मान म्हणून मी उठले नाही. परिणामी पूर्वार्धातली शेवटची चिठ्ठी काढताच आली नाही. मध्यंतरात मी त्यांच्याजवळ जाऊन म्हणाले, “सर, पुढच्या वेळी पाच मिनिटांत बसेल अशी एकच कविता आणाल का?” त्यांना ते लागले आणि ते उत्तरार्धाला थांबले नाहीत. बोलायला मी चुकले नाही, उशिरा बोलले हे चुकले. नियम सर्वांसमोर, सुरुवातीलाच, कोणाकडेही न पाहता सांगितला असता तर तो त्यांच्या एकट्यावर आला नसता. आता निवेदनाचे पहिले वाक्य तेच असते: कार्ड वर झाले की चालू कडवे पूर्ण करून थांबावे, आणि मी उठून शेजारी येऊन उभी राहिले तर राग मानू नये.

ती न निघालेली चिठ्ठी मी रात्री डबा रिकामा करताना उघडली. ती माझ्या सहकारी बाईंची होती. आम्ही त्या दिवशी कोणालाच चिठ्ठीबाहेर वाचू दिले नव्हते, आणि त्यांनीही मागितले नव्हते. सतरंज्या गुंडाळायला मात्र त्या शेवटपर्यंत थांबल्या होत्या. पुढच्या कार्यक्रमासाठी नवा नियम केला की राहिलेल्या चिठ्ठ्या पुढच्या वेळी सर्वांत आधी पुकारायच्या. मार्चमध्ये त्यांनी वहीच फाटेल म्हणून ती घरी ठेवली, कविता पांढऱ्या कागदावर उतरवून आणली, माइकपासून एक मूठ अंतर स्वतःच मोजले आणि साडेतीन मिनिटांत वाचून झाल्यावर पुढची चिठ्ठी काढण्यासाठी डब्यात हात घातला.