तोंड कोरडं, डोळे कोरडे आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल – माझा अनुभव

सोलापुरात राहून तोंड कोरडं पडतंय म्हणून डॉक्टरकडं जाणारी मी पहिलीच असेन बहुतेक. एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला जाऊन बसतो, दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही, अशा गावात "मला सारखी तहान लागते ओ" म्हटलं की समोरचा म्हणणारच, "मला पण लागते की." आणि नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, त्यामुळं नळ कोरडा तशी मी कोरडी असा विनोद आमच्या ऑफिसात बरेच दिवस चालला. मला विचाराल तर माझ्या आजाराचं निदान लांबलं ते यामुळंच. कोकणातली बाई असती तर तिचं कोरडं तोंड कुणाच्या तरी लक्षात आलं असतं, इथं ते हवामानाच्या खात्यात जमा होतं.

मी एका पतसंस्थेत कॅश काउंटरला बसते. सुरुवात डोळ्यांपासून झाली, तेव्हा वय ४३. संध्याकाळपर्यंत डोळ्यात बारीक खडे गेल्यासारखं टोचायचं, लाल व्हायचे, आणि कांदा चिरताना पाणी येईना हे मात्र मला बरंच वाटलेलं! डोळ्यांच्या डॉक्टरांनी कॉम्प्युटर आणि एसीचं कारण सांगून ड्रॉप्स दिले. मग सकाळी बोटं आखडायला लागली, नोटांच्या बंडलाचं रबर काढायला त्रास व्हायचा, अकरा वाजेपर्यंत जरा मोकळी व्हायची. आणि थकवा. थकवा म्हणजे झोप कमी झाल्यावर येतो तो नाही, रविवारी दुपारभर झोपून उठलं तरी अंगात कुणी ओलं पोतं भरून ठेवलंय असं वाटायचं, ते कुणाला सांगून पटत नाही आणि सांगणाऱ्यालाच लाज वाटते.

मग काय, सगळे करतात तेच केलं. थायरॉईड, शुगर, युरिक ॲसिड, संधिवातासाठी आरए फॅक्टर, फुल बॉडी पॅकेज. सगळं नॉर्मल. फक्त व्हिटॅमिन डी आणि बी ट्वेल्व्ह कमी, ते आमच्या गल्लीत निम्म्या बायकांचं कमी असेल. इंजेक्शनं घेतली, पावडरी घेतल्या, फरक नाही. एका ठिकाणी एएनए नावाची टेस्ट केली, प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटलीय का ते बघणारी, ती बॉर्डरलाइन आली, तर सांगितलं की इतकं धडधाकट माणसांमध्येही येतं, दुर्लक्ष करा. ते म्हणणं काही खोटं नव्हतं, एवढ्यावरून कुणीच काही ठरवू शकत नाही. पण रिपोर्ट नॉर्मल आला की घरच्यांचा चेहरा उजळायचा आणि माझा पडायचा, आणि हे बोलायचं तरी कुणापाशी. काहीतरी निघावं अशी इच्छा धरणारी बाई लोकांना विचित्रच वाटणार. सासूबाई मनानं चांगल्या आहेत पण त्यांचं एकच, "उष्णता हाय गं अंगात, सब्जा पी." मिस्टर म्हणायचे टेन्शन घेऊ नको. मेनोपॉज म्हणून झालं, ऑडिटचं टेन्शन म्हणून झालं.

शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी सगळी फाइल चाळली आणि शारीरिक काही नाही, मनाचा ताण अंगावर निघतोय असं सांगून रात्रीची एक छोटी गोळी सुरू केली, ॲमिट्रिप्टिलीन. नसांच्या दुखण्याला, झोपेला देतात ती. झोप लागली हे खरं. पण तोंड असं झालं की जीभ टाळूला चिकटून रात्री दोन-तीनदा जाग यायची, उशाला पाण्याची बाटली आली. ह्या गोळीनं तोंड कोरडं पडतं हे मला नंतर कळलं, म्हणजे आधीच आटलेल्या विहिरीवर पंप लावला.

त्या जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी होम मैदानावर भाच्यांना पाळण्यात बसवायला घेऊन गेले होते. हवा चांगली थंड, अंगावर शाल, आणि मी मात्र दर दहा मिनिटाला बाटली तोंडाला लावतेय. माझी जाऊ म्हणाली, "वहिनी, आता कुठंय ऊन?" तिनं सहजच म्हटलं असेल पण ते माझ्या डोक्यात बसलं. त्याच महिन्यात एका बाजूचा गाल कानाखाली सुजला. सगळे म्हणाले गालगुंड. या वयात? अँटिबायोटिक दिलं, सूज उतरली, पुढं परत आली, दुसऱ्या बाजूला.

आणि हे सगळं कुणी जोडलं तर दातांच्या डॉक्टरनं. दाढ ठणकते म्हणून गेले होते, साधा आमच्या भागातला दवाखाना, तरुण डॉक्टर. त्यांनी तोंडातला तो छोटा आरसा गालाला आतून लावला आणि काढायला गेले तर आरसा चिकटला. परत लावला, परत चिकटला. मग दात बघितले तर किडलेले होते ते वरच्या चावायच्या बाजूनं नाही, हिरडीला लागून, मुळाशी, एकापाठोपाठ एक. मला वाटलं आता गोड खाण्यावरून ऐकावं लागणार, तर त्यांनी विचारलं, "ताई, कोरडा घास पाण्याशिवाय गिळता येतो का?"

आता सोलापूरच्या बाईला हा प्रश्न. आमच्याकडं ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगा चटणी म्हणजे रोजचं, प्रवासातलं, डब्यातलं. मी आठवून बघितलं तर ती मी खाणंच सोडलं होतं, कधी सोडलं तेही कळलं नाही. चटणीची पूड टाळूला चिकटून बसायची, भाकरीचा तुकडा तोंडात तसाच फिरत राहायचा, म्हणून मी आपोआप आमटीत कुस्करून खायला लागले होते, आणि ऑफिसात डब्याला फक्त दहीभात. डॉक्टर म्हणाले डोळेही टोचतात का, सांधे दुखतात का, गाल सुजतो का. मी हो हो हो म्हणत गेले. लाळ करणाऱ्या आणि अश्रू करणाऱ्या ग्रंथींवर शरीराचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते असा एक आजार असतो, शोग्रेन्स सिंड्रोम, माझं काम निदानाचं नाही पण संधिवाताच्या स्पेशालिस्टला म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टला दाखवा, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं.

पुण्याला बहीण आहे म्हणून पुण्याला गेले, सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून. तिथल्या मॅडमनी सगळ्यात आधी ती रात्रीची गोळी हळूहळू बंद करायला लावली, कारण ती चालू असताना लाळ मोजून उपयोग नाही. मग टेस्ट. डोळ्यांची शिर्मर टेस्ट म्हणजे खालच्या पापणीत टीपकागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटं डोळे मिटून बसायचं, अश्रूंनी ती किती ओली होते ते बघतात, ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी म्हणजे कोरडे. माझ्या दोन्ही डोळ्यांत ३. लाळेची टेस्ट त्याहून गंमतशीर, नळी हातात देऊन सांगतात की मुद्दाम थुंकायचं नाही, चघळायचं नाही, तोंडात जमेल ते फक्त सोडत राहा. शेजारच्या खुर्चीवर बहीण हसायची थांबेना. नळीच्या बुडाला जेमतेम फेस. याच्या जोडीला हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीची टेस्ट पण करतात, कारण त्या आजारांतही असाच कोरडेपणा येऊ शकतो, हे आधी नीट समजावून घ्या, नाहीतर लॅबच्या कागदावर ते नाव वाचून घरी नसतं वादळ उठतं. आमच्याकडं उठलंच होतं थोडं.

आणि मग रक्तातली मुख्य टेस्ट, अँटी-रो किंवा एसएसए म्हणतात ती, निगेटिव्ह. मी म्हटलं झालं, परत सब्जा. पण मॅडम म्हणाल्या, हा आजार असणाऱ्या बऱ्याच जणांत ही निगेटिव्ह असते, आता ओठाची बायोप्सी करू. खालच्या ओठाला आतून भूल देऊन छोटा छेद घेतात आणि मोहरीएवढ्या बारीक लाळग्रंथी काढून तपासायला देतात. कापताना दुखत नाही, ओढल्यासारखं वाटतं, नंतरचे काही दिवस मात्र तिखट विसरायचं. माझ्या ओठाच्या एका कोपऱ्यात बधिरपणा बरेच दिवस होता. रिपोर्टमध्ये फोकस स्कोअर म्हणून आकडा असतो, ४ चौरस मिलिमीटरमध्ये पांढऱ्या पेशींचे पुंजके किती ते, १ किंवा जास्त असेल तर धरतात. माझा २ च्या वर आला. या सगळ्याचे मार्क असतात, २०१६ पासूनची पद्धत आहे: बायोप्सीचे ३, अँटी-रोचे ३, शिर्मर आणि लाळेचा एकेक, डोळ्यांना रंग टाकून बघतात त्याचा एक, आणि ४ झाले की नाव मिळतं. माझे ३ अधिक १ अधिक १. दहावीनंतर मार्कांचा एवढा आनंद पहिल्यांदाच!

आनंद म्हणजे तसा नाही, कारण पुढच्याच वाक्यात त्यांनी सांगितलं की हा पूर्ण जात नाही, सांभाळावा लागतो. पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो आणि चाळिशी-पन्नाशीत जास्त दिसतो, म्हणजे नेमकं जेव्हा सगळं मेनोपॉजवर ढकलायला सोपं असतं तेव्हा. गाठीच्या एका कॅन्सरचा, लिम्फोमाचा, धोका इतरांपेक्षा जास्त असतो म्हणून गाल सुजून तो उतरलाच नाही तर लगेच दाखवायचं. हे ऐकून मी रडले नाही, उलट मिस्टरांचाच आवाज बसला. सोलापूरला परत येईपर्यंत ते काही बोलले नाहीत, कुर्डुवाडीला चहा घेतला तेवढाच.

आता प्रतिकारशक्तीला आवर घालणारी गोळी, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, चालू आहे, सांधे बरेच सुटले, थकवा थोडा कमी, त्या गोळीसाठी डोळ्यांचा पडदा मधून मधून तपासावा लागतो. डोळ्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स, दातांना फ्लोराइड, पर्समध्ये बिनसाखरेचं च्युइंगम. लाळेसाठी पायलोकार्पिन दिलं होतं, त्यानं लाळ येते पण घामही सुटतो, आणि मे महिन्यात सोलापुरात घाम सुटायची गोळी खाणं म्हणजे काय ते सोलापूरकरालाच कळेल, उन्हाळ्यापुरती मॅडमनी ती कमी केलीय.

सध्या भांडण चालू आहे ते मेडिक्लेमशी. दातांचा खर्च त्यात बसत नाही म्हणतात, आणि माझा सगळ्यात जास्त खर्च दातांचाच आहे, चार कॅप, दोन रूट कॅनाल. दात या आजारानं गेलेत असं दातांच्या डॉक्टरांकडून आणि मॅडमकडून दोघांकडून लेटरहेडवर लिहून घेतलंय, बायोप्सीचा रिपोर्ट जोडलाय, सोमवारी परत जायचंय. कुणाचा असा क्लेम पास झाला असेल तर कागद काय लावले ते सांगा.