पहिला उंच ट्रेक: तयारी केली चढायची, कस लागला उतरताना

गेल्या महिन्यात मी आणि माझा धाकटा भाऊ आयुष्यातला पहिला मोठा ट्रेक करून आलो. चार दिवस, तीन मुक्काम. सुरुवात २,००० मीटरवरून, पहिला कॅम्प २,५०० ला, दुसरा ३,२०० ला, तिसऱ्या दिवशी पहाटे ३,८५० मीटरचा माथा आणि तिथून त्याच दिवशी थेट खाली २,५०० च्या कॅम्पवर, चौथ्या दिवशी रस्त्याला. डोंगराचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण नाव दिलं की वाचणाऱ्याला वाटतं आपण काही तिकडे जाणार नाही मग कशाला वाचा, आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही उंच डोंगराला लागू आहे.

माझं वय ४१, काम बसून करायचं. भाऊ ३४ चा, रोज पळतो, दोन हाफ मॅरेथॉन झाल्यात त्याच्या. त्यामुळे घरात सगळ्यांना काळजी माझी होती, त्याची कुणालाच नव्हती.

तयारीला मी दोन महिने दिले. आठवड्यातून चार दिवस पाऊण तास भरभर चालणं, आणि तीन दिवस बिल्डिंगचे दहा मजले पाच वेळा चढणं, पाठीवर सॅक, सुरुवातीला तीन किलो, मग वाढवत वाढवत आठ किलो. वर जायचं जिन्याने आणि गुडघे वाचावेत म्हणून खाली यायचं लिफ्टने. ही माझी सगळ्यात मोठी चूक, आणि ती मला तिसऱ्या दिवशी दुपारी कळली. दम वाढला होता, छाती तयार झाली होती, पण उतरण्याची तयारी शून्य होती.

पहिला दिवस छान गेला. ५०० मीटरचा चढ, झाडीतून वाट. इथे एकच गोष्ट शिकले ती म्हणजे वेग. गाईड इतका हळू चालत होता की मला सुरुवातीला वाटलं असं चाललो तर रात्र होईल, पण दोन तासांनी लक्षात आलं की आमच्या पुढे धावत गेलेली मंडळी दर वळणावर बसलेली दिसतायत आणि आम्ही न थांबता त्यांना मागे टाकतोय. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तो तुमचा वेग. बोलताना धाप लागली की कमी करा. आणि निघताना अंगाला थोडी थंडी वाजतेय इतकेच कपडे घाला, दहा मिनिटांत अंग तापतं आणि मग घामाने आतला थर भिजतो. कॉटनचा टीशर्ट तर नकोच, तो पाणी धरून ठेवतो, वाळत नाही, आणि थांबलात की तोच ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. सिंथेटिक किंवा लोकरीचा बेस लेयर, वर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. झोपायचे कपडे मात्र वेगळे, कोरडे, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेले, आणि ते दिवसा काही झालं तरी घालायचे नाहीत.

दुसऱ्या दिवशी ३,२०० ला पोचलो आणि संध्याकाळी भावाचं डोकं दुखायला लागलं. मला त्याने सांगितलंच नाही. जेवताना ताट तसंच ठेवलं तेव्हा विचारलं तर म्हणे, "काही नाही गं ताई, झोप नीट झाली नाही." मी पण विश्वास ठेवला, कारण तो आमच्यातला फिट माणूस ना.

हे नीट समजून घ्या. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण वरही तेवढंच, २१ टक्के, पण हवेचा दाब कमी होतो त्यामुळे दर श्वासाला ऑक्सिजन कमी मिळतो. ३,२०० मीटरवर दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो, ५,५०० ला जवळपास निम्मा. शरीर याची सवय करून घेतं पण त्याला दिवस लागतात, तास नाही. आणि पळण्याचा, जिमचा, तरुण असण्याचा यात काही उपयोग नाही, फिट माणसाला उंचीचा त्रास होत नाही हा निव्वळ गैरसमज आहे. उलट फिट माणूस भराभर चढतो म्हणून कधीकधी त्यालाच आधी होतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, चक्कर, गळून गेल्यासारखं वाटणं, ही लक्षणं वर पोचल्यावर काही तासांनी येतात, म्हणून पोचल्या पोचल्या बरं वाटतंय याला काही अर्थ नसतो.

रात्री दोनला त्याला उलटी झाली. पॅरासिटामॉल घेऊनही डोकं थांबलं नव्हतं. गाईडला उठवलं, त्याने टॉर्चच्या उजेडात भावाला एका सरळ रेषेत टाच-पंजा-टाच-पंजा असं चालायला लावलं. तोल जात नव्हता हे बघून तो जरा निवांत झाला, कारण तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं म्हणजे मेंदूला सूज, आणि बसल्याजागी धाप लागणं, सारखा खोकला म्हणजे फुफ्फुसात पाणी, या दोन्हींत जीव जाऊ शकतो आणि क्षणाचाही उशीर न करता, रात्र असली तरी, खाली उतरवायचं असतं. आमचं तिथवर आलं नव्हतं. पण त्रास असताना आणखी वर चढायचं नाही, आणि औषधाने थांबत नसेल तर खाली जायचं, यात गाईडने चर्चेला जागाच ठेवली नाही. दुसरा गाईड सोबत देऊन उजाडताना भावाला खाली २,५०० ला पाठवायचं ठरलं.

मी पण त्याच्याबरोबर जाणार होते. तो म्हणाला, "ताई, तू जा वर, माझ्यासोबत माणूस आहे, आणि तू नाही गेलीस तर मला जास्त वाईट वाटेल." गाईडनेही सांगितलं की मॅडम, त्याचं औषध म्हणजे उतरणं, तुम्ही नाही. तरी मी निघेपर्यंत तीनदा त्याच्या टेंटमध्ये डोकावून आले. दुपारी भेटला तेव्हा कळलं की ४०० मीटर उतरेपर्यंत डोकं हलकं झालं होतं आणि कॅम्पवर पोचल्यावर त्याने मागून जेवण घेतलं. साधारण ३०० ते १,००० मीटर उतरलं की बहुतेकांना फरक पडतो, इतकं साधं औषध आहे ते, फक्त माणसाने वेळेवर बोललं पाहिजे. त्याने संध्याकाळी सहाला सांगितलं असतं तर रात्र एवढी वाईट गेली नसती.

म्हणून ट्रेक निवडताना फोटो बघू नका, मुक्कामांची उंची बघा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं. आमचा कार्यक्रम २,५०० वरून एकदम ३,२०० होता, मध्ये एक मुक्काम हवा होता असं मला आता वाटतं. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून ॲसिटाझोलामाइडची गोळी असते, चढायच्या आदल्या दिवसापासून घेतात, पण ती डॉक्टरांना विचारूनच, सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. झोपेची गोळी आणि दारू वर नकोच.

तिसऱ्या दिवशी पहाटे चारला मी आणि गाईड माथ्याकडे निघालो. अंतर चार किलोमीटर, चढ ६५० मीटर. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा एक हिशोब आहे, दर पाच किलोमीटरला एक तास आणि शिवाय दर ६०० मीटर चढाला एक तास. त्याप्रमाणे जेमतेम दोन तास होतात. मला चार लागले. अंधार, विरळ हवा, बर्फ आणि पहिलीच वेळ, त्यामुळे नवख्याने या हिशोबाची सरळ दुप्पट धरावी आणि मग निघायची वेळ ठरवावी. गाईडने आदल्या रात्रीच सांगून ठेवलेलं की नऊ वाजता जिथे असू तिथून परत, माथा समोर दिसत असला तरी. ही वेळ खाली असताना, डोकं शांत असताना ठरवायची, वर गेल्यावर कुणालाच परत फिरवत नाही.

थंडीचं म्हणाल तर दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, म्हणजे रस्त्यापेक्षा माथ्यावर बारा अंश कमी, वारा वेगळा. पाण्याची बाटली सॅकच्या आत उलटी ठेवा, गोठायला लागलं तरी बर्फ बुडाकडे धरतो आणि तोंड मोकळं राहतं. फोन आणि टॉर्चच्या बॅटऱ्या रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. आणि गॉगल विसरू नका, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं वर परतवतो, माझी नाकपुड्यांच्या खालची कातडी सोलली कारण तिथे सनस्क्रीन लावायचं सुचलंच नाही.

आठ वाजून पाच मिनिटांनी माथ्यावर होते. वीस मिनिटं थांबले. रडू आलं, भावाची आठवण आली, त्याच्यासाठी चारही दिशांचा व्हिडिओ काढला.

आणि मग उतार. १,३५० मीटर, एका दिवसात. पहिल्या तासाला मजा वाटली, दम लागत नव्हता. दुसऱ्या तासाला मांड्या थरथरायला लागल्या, थांबलं की पाय आपोआप हलायचे. तिसऱ्या तासाला प्रत्येक पायरीवर गुडघ्याच्या वाटीखाली कळ, अंगठे बुटाच्या पुढच्या भागावर आपटतायत, आणि पाय जिथे टाकायचा तिथे पडेना. दोनदा घसरले, एकदा हातावर पडले. चढताना दमलात तर थांबता येतं, उतरताना दमलेला पाय सांगून जात नाही.

कारण असं की चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून जोर लावतो, उतरताना तोच स्नायू लांबत लांबत तुमचं वजन झेलतो, ब्रेक लावल्यासारखा. दमायला होत नाही पण स्नायूचे बारीक तंतू दुखावतात आणि पुढचे दोन-तीन दिवस बसता-उठता येत नाही. याची चांगली बाजू म्हणजे शरीर हे लवकर शिकतं, एकदा असा उताराचा व्यायाम होऊन दुखून गेलं की पुढचे काही आठवडे तेवढं दुखत नाही. म्हणजे मी दोन महिन्यांत लिफ्ट टाळून जिन्याने खाली आले असते, हळूहळू वाढवत, तर ही दुपार वेगळी गेली असती. शिवाय घरात एक सोपा व्यायाम करता येतो, पायरीवर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाची टाच तीन सेकंद घेत खाली जमिनीला लावायची, परत वर, दोन्ही पायांना दहा-बारा वेळा, एक दिवसाआड. गुडघा आधीच दुखावलेला असेल तर मात्र आधी फिजिओला दाखवा.

ट्रेकिंग पोल दोन घ्या, एक नाही. सपाटीवर कोपर काटकोनात येईल इतकी लांबी, चढाला पाच-दहा सेंटीमीटर कमी, उताराला तेवढीच जास्त. मी सकाळी चढाला कमी केलेली लांबी उतरताना वाढवलीच नाही आणि दोन तास वाकून चालले, पाठ पण गेली. पावलं छोटी, गुडघा किंचित वाकलेला, ताठ पायावर उडी नको. बूट अर्धा नंबर मोठे आणि संध्याकाळी, पाय जरा सुजलेले असताना, जाड मोजे घालून घ्या. दुकानात उतरत्या फळीवर उभं राहून बघा, अंगठा टेकला तर तो बूट तुमचा नाही. निघायच्या तीन-चार दिवस आधी नखं सरळ कापा. उतार सुरू व्हायच्या आधी थांबून बुटाची नाडी घोट्याशी घट्ट बांधा म्हणजे पाय पुढे सरकत नाही. माझं डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालंय, ते जाणार. आणि कुठे चुरचुरलं की त्याच मिनिटाला बसून टेप लावा, फोड आल्यावर लावून काही होत नाही.

बायकांसाठी थोडं वेगळं लिहिते कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. लघवीला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका, मी पहिल्या दिवशी तेच केलं आणि रात्री पोटऱ्यांत गोळे आले. तहानेप्रमाणे प्या, मधूनमधून ओआरएस. जागा पाण्यापासून किमान ६० मीटर लांब, खड्डा वीतभर खोल, आणि टिश्यू, पॅड सगळं वेगळ्या घट्ट पिशवीतून परत आणायचं. पाळीची तारीख नसली तरी सामान ठेवाच.

ओढ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी उकळून, २,००० मीटरच्या वर खळखळून तीन मिनिटं, कारण वर पाणी कमी तापमानाला उकळतं. क्लोरीनची गोळी टाकली तर निदान अर्धा तास थांबा, पाणी गार असेल तर त्याहून जास्त. शिट्टी खांद्याच्या पट्ट्याला बाहेर अडकवलेली हवी, मिनिटात सहा वेळा वाजवली की मदत हवी असा संकेत असतो, मग एक मिनिट थांबून पुन्हा.

कॅम्पवर दुपारी अडीचला पोचले. भाऊ वाटेपर्यंत आला होता, काही न बोलता माझी सॅक काढून घेतली. चौथ्या दिवशीचा ५०० मीटरचा उतार आम्ही साडेतीन तासांत केला, तो पुढे, मी त्याच्या मागे दोन्ही पोल टेकत, आणि दर अर्ध्या तासाला तो थांबून विचारत होता, डोकं दुखतंय का, पाय दुखतोय का, खरं सांग. मी पण त्याला तेच विचारत होते. घरी येऊन आठ दिवस झालेत, आता जिना उतरायला सुरुवात केली आहे, सध्या चारच मजले, रिकाम्या पाठीने.