दसऱ्यानंतरचं येऊर

आषाढ-श्रावणात ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागते. धबधबा, भजी, भाजलेलं कणीस. पावसात भिजावंसं कोणाला वाटत नाही? पण त्या दिवसांत जंगल दिसत नाही, सगळं एकाच हिरव्यात बुडालेलं असतं. मी लोकमान्यनगरला राहतो, पंधरा वर्षं वर चालायला जातोय, आणि माझं ठाम मत आहे की येऊरचा मोसम दसऱ्याला सुरू होतो आणि महाशिवरात्रीपर्यंत टिकतो.

गेल्या वर्षी आई गुहागरहून आमच्याकडे कायमची राहायला आली. वय 74, गुडघ्यांनी चढ झेपत नाही. म्हणून परिवहनच्या बसने वर जायचं आणि डांबरी रस्त्यानेच सावकाश फिरायचं, असं ठरवलं. आतल्या पायवाटांना वनखात्याची परवानगी लागते, पण आमचं त्यावाचून काही अडलं नाही.

कोजागिरीच्या आसपास पहिल्यांदा गेलो. रस्त्याच्या कडेला दोन झाडांमध्ये जायंट वुड स्पायडर या मोठ्या कोळ्याचं जाळं होतं, माझ्या दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही एवढं. तिरप्या उन्हात त्याचे धागे चक्क पिवळे दिसतात. मधोमध तळहाताएवढी मादी, आणि वरच्या अंगाला तांबूस ठिपका. तो ठिपका म्हणजे नर. आई चष्मा वर करून कितीतरी वेळ बघत राहिली. "घरात असतं ते कोळिष्टक. हे तर मागावरचं काम आहे रे," म्हणाली.

पुढे ओहोळाच्या दगडावर करडा धोबी पक्षी शेपटी वरखाली करत होता. हिमालयाकडून येणारा हा पाहुणा थंडीच्या आधीच पोचतो. मी सांगायला तोंड उघडलं तर आईच म्हणाली, "हा आमच्या पाटावर यायचा. हा आला की भात कापायला झालाय समजायचं." पंधरा वर्षं मी त्याची पहिली नोंद वहीत लिहितोय. भाताचं मला ठाऊक नव्हतं.

डिसेंबर-जानेवारीत पानं झडली की कांडोळ दिसायला लागतो. एरवी गर्दीत हरवलेलं झाड, पण निष्पर्ण झालं की पांढुरकं, किंचित गुलाबी खोड लांबूनच डोळ्यांत भरतं. सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटतात. आईने खोडावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. वर उघड्या फांद्यांवर हळद्या वाणाचा माशीमार पक्षी झेपावत होता, त्याचं नाव मला अजून पक्कं करता आलेलं नाही.

31 डिसेंबरच्या रात्री मात्र वरच्या काही बंगल्यांतून पहाटेपर्यंत स्पीकर वाजतात. हा बिबट्याचा भाग आहे. मला त्या गोंगाटाचा मनापासून संताप येतो.

फेब्रुवारीत नवी मुंबईतल्या ऐरोलीला गेलो, ठाणे खाडीतले फ्लेमिंगो बघायला. पहिल्या खेपेला भरतीची वेळ न बघताच निघालो होतो आणि बोट सुटायची नव्हती; आईला तिवरांच्या कडेने थोडं फिरवून परत आणलं. इथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचं वेळापत्रक महत्त्वाचं. ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा पक्षी तिथे चरतात, पण बोटीला पाणी उरत नाही. पूर्ण भरतीला तेच थवे नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर विसाव्याला जातात. खाडी राखली आणि तळी बुजवली, तर हे पक्षी भरतीत उभे कुठे राहणार? ठाणे खाडीच्या 1690 हेक्टरला 2015 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव लागलं. तळ्यांचीही तशीच काळजी घ्यायला हवी.

दुसऱ्या खेपेला इंजिन बंद झालं आणि फ्लेमिंगोंची कुजबुज ऐकू आली, बदकांच्या कळपासारखी. डोकं उलटं करून चोच चिखलपाण्यात फिरवायची आणि शेवाळ गाळून घ्यायचं. त्या शेवाळातूनच गुलाबी रंग येतो, हे सांगितल्यावर आई म्हणाली, "म्हणजे अंगाला लागतं म्हणतात ते खरंच की."

यंदा ती गणपतीपासूनच विचारतेय, तो शेपटीवाला आला का. काल संध्याकाळी गच्चीत पाण्याच्या टाकीपाशी एक दिसला. मी खाली फोन केला. आई लिफ्टने वर येईपर्यंत तो तिथेच होता.